टॅली आहे, एक्सेल आहे, तरी स्टॉक जुळत नाही. ईआरपी घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पाइप, फिटिंग, मोटारी आणि ठिबकच्या सामानाचं दुकान, पुढं काउंटर, मागं एक गोडाऊन आणि बायपासला दुसरं. वडील, मुलगा आणि सहा माणसं. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली आहे, एक्सेलच्या शीट आहेत, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि वडिलांची डायरी आहे ती वेगळीच. तरी स्टॉक कधी जुळत नाही, उधारी किती विचारलं तर तिघं तीन आकडे सांगतात, आणि आता एक जण ईआरपी, म्हणजे खरेदी, विक्री, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं मोठं सॉफ्टवेअर, विकायला येऊन बसलाय. घ्यावं का, घ्यायचं तर कुठलं?

माझं मत आधी सांगतो, कारणं मग सांगतो. आत्ता घेऊ नका. वर्षभरानं घ्याल, कदाचित घ्यावंच लागेल, पण आज घेतलंत तर टॅलीतला घोळ आहे तसा उचलून नव्या स्क्रीनवर जाईल आणि वर दरवर्षी एएमसी, म्हणजे देखभालीची वार्षिक फी, भरत बसाल. मी हे काम एकवीस वर्षं करतोय, सुरुवात भोसरीत एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बिन कार्ड, म्हणजे मालाच्या आवक-जावकीचे तक्ते, भरण्यापासून झाली, नंतर अकाउंट्स, आणि आता व्यापाऱ्यांचं स्टॉक आणि उधारीचं गाडं रुळावर आणून देतो. या काळात दुकानात ईआरपी बसलेलं पण बघितलं आणि सहा महिन्यांत परत टॅलीवर आलेलं पण बघितलं, आणि जे परत आले त्यांच्यातल्या बहुतेकांचं सॉफ्टवेअर चांगलंच होतं.

तुमच्याकडे माहिती भरपूर आहे हो. पण एकाच वस्तूला दुकानात चार नावं आहेत, आणि माल एकदा हलला की त्याची नोंद चार जण आपापल्या सवडीनं करतात, किंवा दुसरा करेल म्हणून कोणीच करत नाही. बाकी सगळं ह्याच्यातून निघतं, उधारीचं सुद्धा.

तुमच्याच धंद्यातलं बघा. गिऱ्हाईक काउंटरवर येतं आणि म्हणतं, बत्तीसचे दहा एल्बो द्या. शेतीच्या पीव्हीसी पाइपात माप बाहेरच्या व्यासाचं धरतात, तिथं ३२ म्हणजे एक इंची. घरातल्या सीपीव्हीसी प्लंबिंगमध्ये ३२ म्हणजे सव्वा इंची. ५० चं पण तेच, शेतीत दीड इंची आणि प्लंबिंगमध्ये दोन इंची, आणि शेतीतलं दोन इंची पाहिजे असेल तर ते ६३. काउंटरवरच्या जुन्या माणसाला हे कळतं, तो गिऱ्हाइकाच्या पायाला चिखल आहे का सिमेंट आहे बघूनच माल काढतो. पण बिलाला बसलेला मुलगा तीन महिन्यांपूर्वी आलाय, त्यानं एल्बो टाइप केलं की यादीत अकरा नावं येतात, एल्बो ३२, एल्बो १ इंची, पीव्हीसी एल्बो ३२ एमएम ६ केजी, मग स्पेलिंग बरोबर असलेला एक एल्बो, स्पेलिंग चुकलेला एक एल्बो, आणि एक नुसताच एल्बो. समोर चार माणसं उभी, तो पहिलं दिसेल त्यावर एंटर मारतो. रेट हातानं बदलतो, बिलाची रक्कम बरोबर येते, गिऱ्हाईक खूश, गल्ल्याचा मेळ बसतो. चूक झाली हे त्या दिवशी कोणालाच दिसत नाही.

ती कुठं दिसते सांगतो. टॅलीत एक्सेप्शन रिपोर्टमध्ये निगेटिव्ह स्टॉक म्हणून यादी असते ती उघडा. एल्बो ३२ उणे ४० दिसेल. आता त्याचाच भाऊ शोधा, एल्बो १ इंची, तो अधिक ३८ पडलेला असेल, आणि रॅकवर हात लावून मोजलात तर तिथं काहीच नसेल. माल चोरीला गेलेला नाही, खरेदी एका नावानं चढली आणि विक्री दुसऱ्या नावानं उतरली. राहिले दोन नग, त्यांचं पुढं बोलू. मी नव्या पार्टीकडे गेलो की पहिल्या दिवशी फक्त ही यादी काढतो आणि चहा पिता पिता जोड्या लावत बसतो, उणे आणि अधिक, उणे आणि अधिक, आणि स्टॉक जुळत नाही म्हणून ज्या माणसावर संशय घेतलेला असतो त्याचं नाव बऱ्याचदा तिथंच साफ होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्या प्रश्नात एक ओळ होती की गोडाऊनवाल्यावर वडिलांचा डाउट आहे. आधी यादी काढा, मग बोला.

तर पहिलं काम नावांचं. वस्तू, प्रकार, माप, प्रेशर, कंपनी, ह्याच क्रमानं प्रत्येक नाव, आणि मापात शेतीच्या मालाला एमएम आणि प्लंबिंगला इंच असं कायमचं ठरवून टाका, म्हणजे ३२ दिसलं की शेती आणि सव्वा दिसलं की प्लंबिंग. माझा क्रमच पाळा असं नाही, तुमच्या काउंटरला सोयीचा पाडा, पण एकदा पाडला की त्यात सूट नाही. लोक बोलताना काहीही म्हणोत, त्यासाठी टॅलीत एलियस, म्हणजे त्याच वस्तूचं दुसरं नाव, टाकायची सोय आहे, गिऱ्हाइकाच्या तोंडचं नाव तिथं टाका. जुनी डबल नावं डिलीट होत नाहीत कारण त्यावर एंट्र्या झालेल्या असतात, म्हणून स्टॉक जर्नल, म्हणजे एका आयटमचा स्टॉक दुसऱ्यावर वळवायची एंट्री, करून शिल्लक एका नावावर आणायची आणि बाद झालेल्या नावाच्या सुरुवातीला दोन झेड लावायचे, ते यादीच्या तळाला जाऊन बसतं. दिसायला गावठी उपाय आहे पण चालतो. आणि नवीन आयटम उघडायचा हक्क एकाच माणसाला, लॉगिनच तसं करून ठेवा. बाकीच्यांनी चिठ्ठी द्यायची, नवा माल आलाय, नाव उघडून द्या. पहिले पंधरा दिवस सगळे कुरकुरतील. कुरकुरू देत.

ह्याचा फायदा स्टॉकपुरताच नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हाचं आठवा, ठिबक आणि स्प्रिंकलर १२ वरून ५ टक्क्यांवर आले, सिमेंट २८ वरून १८ वर. ज्यांचे आयटम एचएसएनप्रमाणे, म्हणजे जीएसटीतल्या मालाच्या कोडप्रमाणे, ग्रुपमध्ये बसवलेले होते त्यांनी आदल्या रात्री ग्रुपचा दर बदलला आणि झोपले. माझ्या एका पार्टीकडे ठिबकचं सामान तीन ग्रुपमध्ये आणि काही तर किरकोळ नावाच्या ग्रुपमध्ये पडलेलं, तिथं आठवडाभर निम्मी बिलं जुन्या दरानं निघत होती आणि मग जादा लागलेला कर कमी करायला क्रेडिट नोटा काढत बसलो. आणखी एक. तुमची उलाढाल २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षात ५ कोटींच्या वर गेली असेल तर दुकानदाराला किंवा काँट्रॅक्टरला जीएसटी नंबरवर दिलेलं बिल ई-इनव्हॉइस करावं, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं, आणि पोर्टलवर ते २४ तासांतच रद्द करता येतं. म्हणजे आत्ता टाक काहीतरी, संध्याकाळी बदलू, ही जी सगळ्या दुकानांची जुनी सवय आहे ती तिथं चालत नाही.

आता युनिट. पाइप नगावर घेता आणि फुटावर पण विकता ना? ६ मीटरचा पाइप सगळे वीस फुटी म्हणतात. खरा १९.६८ फूट भरतो. तुम्ही टॅलीत एक नग बरोबर वीस फूट लिहिलं असेल तर दर पाइपाला जवळपास चार इंच हवेत राहतात, फुटावर शंभर पाइप कापले की दीड पाइप कागदावर आहे आणि जागेवर नाही. शिवाय कापून उरलेले दीड-दोन फुटांचे तुकडे कोपऱ्यात उभे असतात ते वेगळेच. हे जुळवायच्या मागं लागू नका, माझा सल्ला असा की सुट्ट्या पाइपासाठी आयटमच वेगळा ठेवा, पूर्ण नग कापायला घेतला की तो नगातून काढून सुट्ट्यात १९.६८ फूट म्हणून चढवा, आणि सुट्ट्याची घट महिन्याला एकदा मोजून मालकाच्या सहीनं लिहून टाका. घट होणार आहे, ती दिसू दे. वायरच्या ९० मीटरच्या कॉइलचं आणि ठिबकच्या लॅटरलच्या बंडलाचं पण असंच करा.

आता ते राहिलेले दोन एल्बो. ह्या धंद्यात स्टॉक बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे परत माल, आणि ईआरपीचा डेमो देणारा माणूस ह्याच्याबद्दल चकार शब्द काढत नाही. प्लंबर सकाळी पंधरा एल्बो, सहा टी, चार कपलर घेऊन जातो, संध्याकाळी पिशवी काउंटरवर ओततो, ह्यातले पाच एल्बो राहिले, त्याच्या बदल्यात मला दोन बॉल व्हॉल्व्ह दे, फरक घरमालकाच्या नावे टाक. काउंटरवाला एल्बो ट्रेमध्ये टाकतो, व्हॉल्व्ह काढून देतो, फरकाचा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहितो. पैशाचा हिशेब बरोबर आहे. पण टॅलीला पाच एल्बो परत आले ते माहीत नाही आणि दोन व्हॉल्व्ह गेले ते पण माहीत नाही, आणि असं दिवसातून वीस वेळा होतं. हे मी स्वतः एका दुकानात पूर्ण दिवस काउंटरमागं स्टुलावर बसून मोजलंय, त्या दिवशी बिलं एकोणसाठ झाली आणि बदलाबदली तेवीस.

त्याला उपाय कार्बनचं पावती पुस्तक, शंभरेक रुपयांचं. त्यावर परत असं छापून घ्या किंवा पेननं लिहा. काउंटरखाली एक लाल ट्रे. परत आलेला माल आधी त्या ट्रेमध्ये जाणार, रॅकवर नाही. चिठ्ठी फाडायची, कोणाच्या खात्यावरचा, काय, किती. दुपारी आणि रात्री बिलवाला चिठ्ठ्या घेऊन एंट्री करणार आणि एंट्री झाली की मगच तो माल रॅकवर. ट्रे भरलेला दिसला म्हणजे काम राहिलंय, विचारायची सुद्धा गरज नाही. बायपासच्या गोडाऊनवरून माल येतो त्याला पण हेच, फोनवर दोन बंडल पाठव म्हटलं की तिथल्या माणसानं चिठ्ठी करूनच टेम्पोत टाकायचं. टॅलीत दोन गोडाऊन वेगळी उघडलेली असतील तर चांगलंच, नसतील तर उघडा, पण चिठ्ठीशिवाय ती उघडून काही उपयोग नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. काही माल बिलाशिवाय जात असेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तुमचा स्टॉक जुळवून देणार नाही, आणि मी पण देणार नाही. त्याचं काय करायचं ते तुम्ही आणि तुमचे सीए बघा.

खरेदीच्या बाजूला एक फुकटची सोय आहे ती बहुतेक दुकानदार फक्त सीएवर सोडतात. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर टू-बी तयार होतं, सप्लायरनी तुमच्या नावावर कोणकोणती बिलं दाखवली त्याची यादी. सीए ते क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीसाठी, बघतो. तुम्ही ते मालासाठी बघा. यादीत बिल आहे आणि गोडाऊनला माल आलेला नाही, तर तो ट्रान्सपोर्टला अडकलाय किंवा दुसऱ्याच दुकानात उतरलाय. उलट माल आलाय आणि बिल यादीत नाही, तर सप्लायरला फोन करा, कारण जानेवारी २०२२ पासून तिथं दिसत नाही त्याचं क्रेडिट घेता येत नाही. तुम्ही प्रत्यक्ष माल न बघता बिल आलं की खरेदी चढवत असाल तर महिनाअखेरीला स्टॉक हमखास जास्त दिसणार, ती सवय मोडा, माल मोजून बिलाच्या मागं उतरवून घेणाऱ्याची सही, मगच एंट्री.

सप्लायरच्या मास्टरमध्ये, म्हणजे टॅलीतल्या त्याच्या कायमच्या माहितीत, आणखी एक खूण करून ठेवा, तो उद्यममध्ये, म्हणजे सरकारच्या छोट्या उद्योगांच्या नोंदणीत, सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला उत्पादक आहे का. २०२३-२४ पासून अशांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही आणि मार्चअखेर बाकी राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. तपशील सीएना विचारा, मी सांगतोय ते एवढ्यासाठी की ही माहिती मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फोन करकरून गोळा करण्यापेक्षा पार्टी उघडतानाच एक शब्द विचारून लिहिता येते.

उधारीवर येऊ. तिघं तीन आकडे का सांगतात? कोणी खोटं बोलत नाहीये. दिवाणजी टॅलीतला सांगतात, त्यात काल घरी आणून दिलेले पंधरा हजार नाहीत. वडील डायरीतला सांगतात, त्यात ते पंधरा हजार आहेत पण परवाचं बिल नाही. आणि वसुलीला जाणारा माणूस सांगतो त्यात वरचे तीनशे सोडून दिलेत, कारण त्याला तसं तोंडी सांगितलं होतं आणि ते त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. म्हणून ठरवायचं की आकडा टॅलीचा, आणि डायरी असो, फोन असो, खिसा असो, तिथली नोंद दुकान बंद व्हायच्या आत टॅलीत आलीच पाहिजे. वडील ऐकणार नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना नवीन काही सांगू नका, रोजकीर्द म्हणा, रोजच्या व्यवहारांची वही. त्यांच्या वडिलांच्या काळात कीर्द लिहिल्याशिवाय दुकानाला कुलूप लागायचं नाही आणि खतावणी, म्हणजे खातेवार नोंद, कीर्दीवरूनच व्हायची, आठवणीवरून नाही. हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त चांगलं कळतं.

दुसरा घोळ जमा टाकण्यात असतो. शेतकऱ्यानं वीस हजार दिले, एंट्री करताना टॅली विचारतं कुठल्या बिलापोटी, आणि घाईत ऑन अकाउंट दाबलं जातं. खात्याची बाकी बरोबर येते, पण कुठलं बिल किती जुनं हे जे कळायला पाहिजे ते बिघडतं. गेल्या वर्षीचं फिटलेलं बिल अजून उघडं दिसतं, त्याच्या तगाद्याचा मेसेज जातो, आणि चांगला माणूस दुखावतो. एका दुकानात मी बघितलं, दोन वर्षांत एकशे चाळीस खात्यांवर ऑन अकाउंट पडलेलं, ते सोडवायला दिवाणजीला आणि मला पाच रविवार लागले, आणि शेवटी निम्म्या ठिकाणी पार्टीलाच विचारावं लागलं की बाबा तुम्ही हे कशाचे दिलेले.

आणि आता सगळ्यात कामाचं. सॉफ्टवेअर तुम्हाला ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस अशी उधारीची वयं दाखवेल. काँट्रॅक्टरला आणि दुकानदाराला ते ठीक. शेतकऱ्याला त्याचा अर्थ शून्य. जूनमध्ये पाइपलाइन टाकली तो ऊस गेल्यावर देणार, गाळप सुरू व्हायलाच दिवाळी उजाडते, कायद्यानं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानं पैसे द्यायचे असतात आणि प्रत्यक्षात कधी येतात ते तुम्हाला मी काय सांगू. ह्या माणसाची उधारी सप्टेंबरमध्ये ९० दिवसांच्या खान्यात लाल होऊन बसते आणि तिच्यात काहीच गैर नाही. उलट दुधावर देणारा माणूस, त्याचं बिल दर दहा दिवसांनी होतं, तो ४० दिवस गप्प बसला असेल तर तिथं आजच फोन करायला पाहिजे, पण रिपोर्टमध्ये तो अजून हिरवाच असतो.

म्हणून पार्टी मास्टरमध्ये एक खाना वाढवा, कशावर देणार. ऊस, डाळिंब, द्राक्ष, दूध, पगार, साइटचं बिल. आणि बिल करताना देय तारीख त्याप्रमाणे टाका, सगळ्यांना सरसकट तीस दिवस नको. ही माहिती आत्ता कुठं आहे? वडिलांच्या डोक्यात. कोणाचा भाऊ जामीन आहे, कोणाला दहा हजारांच्या वर द्यायचं नाही, कोण तोंडाचा गोड आहे, सगळं. रविवारी दुपारी त्यांच्यासोबत बसा, एका बैठकीत तीस नावं, त्याच्या पुढं त्यांना पण कंटाळा येतो, आणि ते बोलतील ते पार्टीच्या खात्याला लिहीत जा. क्रेडिट लिमिट टाकायची सोय टॅलीत आहेच. शब्द जरा जपून लिहा, स्क्रीन गिऱ्हाइकाला दिसते. मी एकदा एका दुकानात गिऱ्हाइकाच्या नावापुढं बुडव्या लिहिलेलं बघितलं, आणि ते गिऱ्हाइकानं पण बघितलं.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात. ऑर्डरी पोरांच्या स्वतःच्या नंबरवर येत असतील तर ते आजच बंद करा, पोरगा नोकरी सोडून समोरच्या दुकानात गेला की तुमचे प्लंबर आणि त्यांच्या ऑर्डरींची सगळी जुनी माहिती त्याच्याबरोबर गेली. दुकानाचं सिम, दुकानाचा फोन, तो काउंटरवरच राहणार. कंपन्यांच्या रेट लिस्टच्या पीडीएफ पण सहा जणांच्या सहा फोनमध्ये नकोत, पीव्हीसीचे भाव हलले की कोण जुन्या लिस्टवर बिल करतंय ते कळत नाही. चालू लिस्ट एका ठिकाणी, नावात तारीख, जुनी जुन्याच्या फोल्डरमध्ये.

बॅकअप. तुम्ही लिहिलंय रोज घेतो, डी ड्राइव्हवर. तो बॅकअप नाही हो. माझ्या एका पार्टीचा कॉम्प्युटर रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणाऱ्या व्हायरसनं, लॉक झाला, टॅलीचा डेटा आणि डी ड्राइव्हवरचे तीनशे बॅकअप एकदमच गेले, शेवटी सीएच्या ऑफिसात रिटर्नसाठी दिलेली अडीच महिन्यांपूर्वीची कॉपी सापडली आणि तिथून पुढं बिलबुकावरून सगळं परत भरलं. तर रोजची एक कॉपी काढून घेता येणाऱ्या ड्राइव्हवर, जी घेतल्यावर काढून घरी न्यायची, आणि एक ऑनलाइन. आणि महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. उघडून न बघितलेली कॉपी मी धरतच नाही.

किती वर्षं ठेवायचं तर जीएसटीच्या वह्या आणि बिलं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे २०२४-२५ चं सगळं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. कंपनी असाल तर आठ आर्थिक वर्षं, आणि कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं ह्याची नोंद राहणं सक्तीचं आहे. तुमची बहुतेक प्रोप्रायटरशिप असेल, तुम्हाला सक्ती नाही, तरी टॅलीत एडिट लॉग चालू करा. पोरांवर नजर ठेवायला नको, पण बिल बदललं गेलं तर का बदललं ते विचारता येतं. कागदी बिलं महिन्यावार बांधून ठेवा, पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद अजून कापडी रुमालात बांधलेले आहेत आणि मोडी येणारा माणूस आजही त्यातून पाहिजे ते काढतो, तुमचं मागच्या मार्चचं बिल तेवढं तरी सापडावं.

मोजणी कशी करायची? मार्चला एकदा शटर ओढून चार हजार आयटम मोजायचे हे बंद करा, त्यात रात्री दोन वाजता सगळे अंदाजानं लिहितात. विक्रीप्रमाणे आयटम उतरत्या क्रमानं लावा, वरचे तीनशे घ्या, तुमच्यासारख्या दुकानात बहुतेक पैसा त्यातच फिरतो. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत वीस आयटम. पंधरा दिवसांत तीनशेची एक फेरी. मोजणाऱ्याला टॅलीतला आकडा आधी सांगायचा नाही, नाहीतर तो तेवढाच मोजतो, हा माणसाचा स्वभाव आहे. फरक आला तर लगेच आकडा दुरुस्त करू नका, कालची बिलं आणि लाल ट्रेच्या चिठ्ठ्या बघा, ताजं असल्यामुळं कारण सापडतं. दोन महिन्यांनी फरक पूर्ण जाणार नाही, पण कुठून येतोय हे तुम्हाला पाठ झालेलं असेल. खालचे तीन हजार सातशे वर्षातून दोनदा मोजा, बास.

आणि मालकानं रोज सगळे रिपोर्ट बघायचे नाहीत. सोमवारी सकाळी एक पान, हातानं लिहिलं तरी चालेल. ह्या आठवड्यात कोणाची देय तारीख गेली, कुठला चालणारा माल संपत आलाय, कुठला सहा महिने हललेला नाही, निगेटिव्ह यादीत किती ओळी, आणि ऑन अकाउंट किती. पाचव्या आणि चौथ्याचा आकडा दर आठवड्याला कमी होतोय का एवढंच बघा.

मग ईआरपी कधी? तुम्ही दुसऱ्या गावात शाखा काढली आणि दोन्हीकडचा स्टॉक त्याच क्षणी दिसायला पाहिजे असेल तर. ठिबकचे सेट स्वतः जोडून विकायला लागलात, एका सेटमध्ये तीस वस्तू, तर. किंवा बाहेर फिरणारे तीन-चार सेल्समन मोबाइलवरून ऑर्डर टाकणार असतील तर. तेव्हा जो विकायला येईल त्याला त्याच्या लॅपटॉपवरचा डेमो दाखवू देऊ नका. तुमचे पन्नास आयटम त्याला द्या आणि तुमच्या समोर तो प्लंबरचा व्यवहार करून दाखवायला सांगा, पाच एल्बो परत, दोन व्हॉल्व्ह बदली, फरक तिसऱ्याच माणसाच्या नावे. किती बटणं दाबतो ते मोजा. आणि लेखी विचारा की उद्या एएमसी बंद केलं तर आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये पूर्ण बाहेर काढता येईल का, कोण काढून देणार आणि त्याचे पैसे किती. ह्या प्रश्नाला जो माणूस साहेब तशी वेळच येणार नाही म्हणतो, त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

कामाचा क्रम विचाराल तर आधी निगेटिव्ह यादी, मग नावं, त्याच आठवड्यात लाल ट्रे आणि चिठ्ठी, मग ऑन अकाउंट सोडवणं, आणि वडिलांसोबतच्या रविवारच्या बैठका ह्या सगळ्याच्या बाजूनं चालू. सिझन तोंडावर असेल तर नावांचं काम पावसाळ्यावर ढकला, चालू सिझनमध्ये आयटमची नावं बदलू नका, काउंटर अडकतो, हे मी एकदा करून शिव्या खाल्ल्यात. ट्रे मात्र उद्याच आणा.

निगेटिव्ह यादीत किती ओळी आल्या तेवढं कळवा. साठ-सत्तर असतील तर तुमचं तुम्हाला होईल. चारशेच्या वर असतील तर वेगळं बोलू, तेव्हा एक तारीख धरून सगळं नव्यानं मोजून चढवणंच स्वस्त पडतं.